टोक मोजू नकोस

आमच्या नगरच्या माणसाला मोठा आवाज ऐकून दचकायची सवय नाही. (हो, कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. पण एसटीत चढताना अजून कुणीही ‘एक नगर’ असंच म्हणतं.) इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, के. के. रेंज आहे. शाळेची पहिली सहल टँक म्युझियमला जाते. ते १९९४ पासून आहे, त्यामुळे माझ्या पिढीतल्या प्रत्येक नगरकराच्या अल्बममध्ये रणगाड्यासमोर डोळे बारीक करून काढलेला एक फोटो असतोच. अगदी मागे जायचं तर विजापूरच्या बुरुजावरची ती प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफसुद्धा आमच्याच गावात ओतलेली, १५४९ साली, निजामशाहीत. थोडक्यात काय, तोफा-बंदुकांशी गावाचं नातं जुनं.

घरात मात्र बंदुकीचा विषय कधीच नव्हता. बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये इन्स्पेक्टर. आयुष्यभर मोजमाप. दुसऱ्याने बनवलेला जॉब हातात घ्यायचा, पुसायचा, मोजायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं. आमच्या घरात भिंतीवरची फ्रेमसुद्धा लेव्हल लावून टांगलेली आहे. मग कंपनीने टूलरूमच बंद केली, काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि बाबांना वयाच्या चौपन्नाव्या वर्षी व्हीआरएसचा कागद मिळाला. तेव्हापासून त्यांचा व्हर्नियर कॅलिपर कपाटात, मखमलीच्या खाचेत पडून होता. स्वतःच्या पगारातून घेतलेला, जपानी, मित्सुतोयो. मी लहान असताना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. आता तो कुणालाच लागत नव्हता.

अशात २०२४ च्या जानेवारीत श्रीरामपूरहून आत्याचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. आत्या रडवेली होऊन म्हणाली, “अरे, तो तिकडे रोज रात्री तळघरात बसून दारू भरतो म्हणे!”

बाबा गप्प. आईने गॅस बारीक केला. आमच्या खानदानात आजवर कुणी दारूच्या वाटेला गेलं नव्हतं. आणि भरतो म्हणजे? पेला भरतो की पिंप?

दहा मिनिटांनी उलगडा झाला. ‘तो’ म्हणजे माझा आतेभाऊ, म्हणजे दादा. शाळा श्रीरामपूरला, डिप्लोमा नगरला, इंजिनिअरिंग पुण्यात आणि गेली अकरा वर्षं मिशिगनला गाड्यांच्या कंपनीत. त्या हिवाळ्यात त्याची नोकरी गेली होती. ग्रीन कार्ड हातात होतं, त्यामुळे साठ दिवसांत गाशा गुंडाळायची टांगती तलवार नव्हती. पण वहिनीची नोकरी दुसऱ्या राज्यात, मुलगी तिच्याकडे, बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात हा एकटा. आणि दारू म्हणजे ती दारू नाही, बंदुकीची दारू. दादा रायफल नेमबाजीचा शौकीन. तिथे पुष्कळ शौकीन करतात तसा वापरलेल्या काडतुसांमध्ये पुन्हा दारू भरून, वर नवीन गोळी बसवून स्वतःची काडतुसं तयार करायचा. त्याला रीलोडिंग म्हणतात.

आत्याला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खरं सांगायचं तर मलाही नाही. मला सवय आहे, काहीही ऐकलं की आधी आकडे शोधायचे. ते रात्री शोधले. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. लॅपटॉप बंद केला आणि हे घरात कुणालाही सांगितलं नाही.

आत्याचं म्हणणं एकच होतं. “दादा, तू त्याचा मामा. तुझं ऐकेल तो. जरा समजावून सांग.”

शनिवारी रात्री बाबांनी व्हिडिओ कॉल लावला. मी मुद्दाम शेजारी बसले. बाबांनी घसा साफ केला. आता उपदेश सुरू होणार, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. पलीकडे दादा. दाढी वाढलेली, मागे पिवळ्या दिव्याखाली एक लांब टेबल, त्यावर प्रेस, डबे, आणि त्याच्या हातात डिजिटल कॅलिपर.

बाबांचं लक्ष त्या कॅलिपरवर गेलं.

“हे काय मोजतोयस?”

“बुलेट सीटिंग डेप्थ, मामा.”

“लीस्ट काउंट किती?”

“पॉइंट झिरो वन.”

“आणि ॲक्युरसी?”

दादा गप्प झाला. उपदेश राहिला बाजूला.

पुढचं कळायला थोडा फंडा क्लिअर करून घेऊ. आपण सरसकट ज्याला गोळी म्हणतो ते असतं काडतूस. त्याचे चार भाग. पितळेची नळीसारखी पुंगळी (क्राइमच्या बातम्यांत पोलिसांना सापडतात त्या ‘रिकाम्या पुंगळ्या’ ह्याच), तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टिकली म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि पुंगळीच्या तोंडात घट्ट बसवलेली खरी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू आणि प्रायमर जळतात, पितळ उरतं. ते पितळच महाग. म्हणून शौकीन मंडळी पुंगळी जपून ठेवतात, साफ करतात, साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात, नवी टिकली, नवी दारू, नवी गोळी.

आता ती गोळी पुंगळीत किती आत बसवायची? हीच सीटिंग डेप्थ. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण गोची दोन्हीकडून आहे. जास्त आत ढकलली तर दारूसाठीची जागा कमी होते आणि दाब वाढतो. जास्त बाहेर ठेवली तर गोळी रायफलच्या नळीतल्या आट्यांना आधीच जाऊन टेकते. मग तिला पळायला मोकळी जागाच उरत नाही आणि तिथेही दाब चढतो. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गिरक्या घेत सरळ जाते. पुंगळी सोडल्यापासून त्या आट्या पकडेपर्यंत गोळी जी मोकळी उडी मारते, तिला शूटर लोक ‘जंप’ म्हणतात. ती उडी प्रत्येक काडतुसाला सारखी असावी म्हणून हा सगळा खटाटोप. सारखी नसेल तर गोळ्या एकाच भोकात न जाता पांगतात.

दादाची रायफल .३०८ ची. तिच्या गोळीची जाडी ७.८२ मिलिमीटर, आणि नळीत उभ्या आट्यांमधलं अंतर ७.६२. आपल्या लष्करी बातम्यांत कायम दिसणारा ‘सेव्हन पॉइंट सिक्स टू’ तो हाच. म्हणजे गोळी नळीपेक्षा किंचित जाडच असते आणि दाबाने त्यात घुसते. नगरला ओतलेल्या त्या तोफेच्या जमान्यात उलटं होतं. गोळा तोंडाकडून आत लोटायचा, म्हणून भोवती फट सोडावीच लागायची. (नळीच्या आतल्या व्यासाला ‘बोअर’ म्हणतात. आईने ते ऐकून “बोअरच आहे!” म्हटलं आणि उठून गेली.)

आई परत आली ती वजनाच्या वेळी. दादा म्हणाला, माझी गोळी १६८ ग्रेनची. बाबा म्हणाले, ग्रेन म्हणजे? आणि आई आतून ओरडली, “अहो, एक तोळा म्हणजे एकशे ऐंशी ग्रेन!” तिचे वडील सराफाकडे हिशेब लिहायचे. शहाण्णव गुंजांचा तोळा. म्हणजे दादाची गोळी तोळ्याला सहा-साडेसहा गुंजा कमी. त्या दिवसापासून आईच्या तोंडी दादाची गोळी म्हणजे ‘ते तोळाभराचं’.

आता मुद्द्याचं. दादा आधी काडतुसाची पूर्ण लांबी मोजत होता. बुडापासून टोकापर्यंत, साधारण सात सेंटिमीटर. बाबांनी त्याला एक काडतूस कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं. टोक बघितलं. दुसरं धरायला लावलं. मग म्हणाले, “टोक मोजू नकोस.”

कारण सोपं आहे. मॅचच्या गोळीचं टोक बारीक आणि पोकळ असतं. कारखान्यातून येतानाच ते प्रत्येक गोळीला थोडं वेगळं असतं. एकीचं खरखरीत, एकीचं किंचित आखूड. आणि मुख्य म्हणजे टोक नळीला कुठेच लागत नाही! नळीला लागतो तो गोळीचा खांदा, जिथे तिची गोलाई वाढत वाढत आट्यांच्या मापाएवढी होते ती जागा. इंग्रजीत त्या वळणाला ओजाइव्ह म्हणतात. माप बुडापासून तिथपर्यंतचं घ्यायला हवं.

हे शूटर मंडळींना माहीत असतं, त्यासाठी कंपॅरेटर नावाची वस्तू मिळते. दादाकडेही ती होती. डब्यात. नाकाने कांदे सोलत तो म्हणाला, टोकापासून मोजलं तरी फरक थोडाच पडतो. मग बाबांनी मला स्वयंपाकघरातून बॉलपेन आणायला सांगितलं आणि स्वतःच्या हत्यारांच्या पेटीतून एक नट काढला.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता, घरबसल्या, फुकटात. पेनाचं पुढचं निमुळतं नाक असतं ना, त्यावर नट सरकवा. एका जागी तो अडतो. नटाच्या भोकाएवढी जाडी जिथे आली, तिथे. आता पेनाचं टोक तुटलेलं असो, घासलेलं असो, नट तिथेच अडणार. पेनाच्या मागच्या टोकापासून नटापर्यंत मोजलं तर आकडा पक्का. कंपॅरेटर म्हणजे दुसरं काही नाही, आट्यांच्या मापाचं भोक असलेला, कॅलिपरच्या जबड्यावर स्क्रूने बसवायचा एक देखणा नट. मात्र एक पथ्य. ह्या नटाचं भोक आणि त्या नटाचं भोक केसभर वेगळं असलं की आकडा बदलतो. म्हणून तो आकडा दुसऱ्याला सांगून उपयोग नाही. तुझा नट, तुझा कॅलिपर, तुझी रायफल. तुलना फक्त तुझी तुझ्याशीच.

“सॉलिड आहे मामा,” दादा म्हणाला. त्या कॉलमध्ये तो पहिल्यांदा हसला.

मग होमवर्क मिळाला. बाबांचा हा हातखंडा. एकच काडतूस घे. मोज, आकडा लिही, कॅलिपर मिटव, जबडे फडक्याने पुस, शून्य तपास, परत मोज. दहा वेळा. लिहिताना आधीचा आकडा बघायचा नाही.

पुढच्या शनिवारी दादाने आकडे वाचून दाखवले. एकच काडतूस, एकच माणूस, एकच कॅलिपर, आणि सगळ्यात लहान-मोठ्या आकड्यांत फरक पाच शतांश मिलिमीटर. दादाचा चेहरा पडला. कारण तो गेले दोन महिने गोळी थोडी थोडी आत सरकवून ‘बेस्ट डेप्थ’ शोधत होता. एकेक पायरी किती, तर तीन हजारांश इंच, म्हणजे पाऊण दशांश मिलिमीटर. पायरी पॉइंट झिरो सेव्हन सिक्स आणि मोजण्यातली चूकच पॉइंट झिरो फाइव्ह!

“स्क्रीनवर दिसतं म्हणून खरं नसतं,” बाबा म्हणाले. “तो आकडा शंभराव्या भागापर्यंत दाखवतो. पण तेवढ्या लांबीला चांगल्यातला चांगला कॅलिपरसुद्धा दोन शतांश इकडे-तिकडे असतो, हे त्याच्या कागदावरच लिहिलेलं असतं. बाकीचे तीन तुझ्या हाताचे.”

त्यानंतरचे शनिवार हात सुधारण्यात गेले. कॅलिपर दाबायचा नसतो, टेकवायचा असतो. जबडा तिरका बसला की माप वाढतं. काडतुसाचं बूड घाणेरडं असेल तर आपण घाण मोजतो. टूलरूममध्ये नव्या पोराला पहिले पंधरा दिवस हेच शिकवायचे म्हणे, आणि बाबांचा जुना नियम असा की जेवढा फरक पकडायचाय त्याच्या एक-दशांश बारीक हत्यार हवं. तिसऱ्या आठवड्यात दादाचा फरक दोन शतांशावर आला. आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “हे चांगलं आहे का वाईट?”

ह्या सगळ्यात मला जे विचारायचं होतं ते मी विचारत नव्हते. बाबाही विचारत नसावेत असं वाटत होतं. पण दुसऱ्याच शनिवारी, फरक पाच शतांश निघाला त्याच कॉलमध्ये, त्यांनी अगदी सहज आवाजात विचारलं, “रायफल कुठे असते रे?”

“इथेच, मामा. कपाटात.”

“कुलूप?”

“आहे.”

बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नेट गेलं की काय म्हणून मी फोन हलवला. मग ते म्हणाले, “झोप लागते का?”

“नाही लागत.”

“असं कर. माप स्थिर होईपर्यंत रायफलची गरज नाही. माप घ्यायला रायफल लागत नाही. ती तुमच्या क्लबच्या सेफमध्ये ठेवून ये. आणि भरलेली काडतुसंही. मोजायला पुंगळी आणि गोळी पुरे, दारू-बिरू काही घालायची नाही. महिनाभर. आधी तुझं गेज नीट झालं पाहिजे.”

दादा कॅमेऱ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं की नाही, मला ठाऊक नाही. मला कळलं. तो “बरं” म्हणाला. रविवारी त्याने क्लबच्या काउंटरवरची पावती व्हॉट्सॲपवर टाकली. बाबांनी अंगठा दिला. ते कुणालाच अंगठा देत नाहीत, त्यांना तो उद्धटपणा वाटतो.

मी नंतर बाबांना एकटं गाठून विचारलं, तुम्हाला भीती वाटत होती का. ते व्हर्नियर पुसत होते. म्हणाले, “रिजेक्ट मारायला कारण लागतं. होल्डवर ठेवायला लागत नाही.” मग पेटी बंद केली. दादाच्या मागे लागून डॉक्टरची वेळ घ्यायला लावली ती वहिनीने. त्यात आमच्याकडचं कुणी नव्हतं, हेही लिहायला हवं.

रायफल एप्रिलमध्ये परत आली. बर्फ वितळलं होतं, दादाला एका छोट्या सप्लायरकडे नोकरी लागली होती, आधीपेक्षा कमी पगाराची. आणि आता खरा सामना. त्याच्या जुन्या वहीत लिहिलं होतं की अमुक डेप्थला शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप सगळ्यात लहान येतो. बाबांनी विचारलं, किती ग्रुप मारलेस? प्रत्येक डेप्थला एक.

“पाच पीस बघून लॉट पास करतोस?” बाबांच्या आवाजात मी इतक्या वर्षांत न ऐकलेली टूलरूम होती.

आता बाबांचा हुकूम असा. काहीच बदलायचं नाही. एकच डेप्थ, एकच दारू, एकाच बैठकीत भरलेली तीस काडतुसं. पाच-पाचचे सहा ग्रुप. निकाल: सगळ्यात लहान पंधरा मिलिमीटर, सगळ्यात मोठा एकोणतीस. काहीही न बदलता जवळपास दुप्पट! म्हणजे वहीतलं ते ‘बेस्ट’ कदाचित नशीब होतं. मी कॉलेजात एनसीसीत .२२ रायफलने पाच गोळ्यांचं ग्रुपिंग करायचे. आमच्या सरांना चांगला ग्रुप आला की ते पोरीला शाबासकी द्यायचे आणि वाईट आला की वाऱ्याला शिव्या. ते आठवून मला जाम हसू आलं.

दादा हिरमुसला नाही, हे विशेष. उलट त्याने खोलीचं गणितच सोडून दिलं. एक मध्यम, सुरक्षित, आट्यांपासून दूर असलेली डेप्थ धरली आणि सगळी काडतुसं तेवढीच भरायला लागला. शिवाय बाबांनी दुसरीही एक मेख सांगितली होती. गोळ्या झाडल्या की गरम वायूने नळीचा घसा झिजतो, आट्या हळूहळू पुढे सरकतात. आज शोधलेलं शतांशाचं अंतर हजार गोळ्यांनंतर तेच राहत नाही. “आणि तू त्याच्यामागे पळत बसणार?”

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याकडे अचानक सगळ्यांनाच रायफलवर लेख हवे झाले. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं होतं, ४५१.४ गुणांवर. ह्या प्रकारात भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. मलाही एक असाइनमेंट मिळाली आणि मी बालेवाडीच्या रेंजवर गेले. ज्ञान पाजळायची खुमखुमी होतीच. तिथे एकीला विचारलं, तुम्ही सीटिंग डेप्थ कशी मोजता? ती बघतच राहिली.

आपल्याकडे हा प्रकारच वेगळा. पन्नास मीटरला .२२ रिमफायर वापरतात. त्यात वेगळी टिकली नसते, ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि घोड्याने तो काठ चेपला जातो. एकदा चेपला की संपलं, पुन्हा भरता येत नाही. शिवाय आर्म्स ॲक्ट, १९५९ चं पाचवं कलम सांगतं की काडतूस बनवायलाही लायसन्स लागतं. घरी बसून मिशिगनसारखा उद्योग कराल तर कॅलिपरपेक्षा जामिनाची चौकशी आधी करावी लागेल. मग आपले शूटर काय करतात? काडतूस मोजत नाहीत, लॉट निवडतात. ईली, लापुआ, आरडब्ल्यूएस ह्या परदेशी कंपन्यांचा माल एकाच ब्रँडचा असला तरी प्रत्येक लॉट निराळा. परवडणारे परदेशात कंपनीच्या टेस्ट रेंजवर आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात बांधून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि जो लॉट आपल्या नळीला मानवतो तो उचलतात. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. तिथे लॉट चुकला तर माणसाची चूक नसतानाही नऊ पडतो. न परवडणारे मिळेल त्या डब्यावर भागवतात. दहा मीटरवाल्यांचा छऱ्याचा डबा मी हातात घेतला तर त्यावर छापलेलं ४.४९. शेजारच्या डब्यावर ४.५०. एका शतांशाचा फरक! तो डबा घेऊन पहिल्यांदा आठवले ते बाबा.

दिवाळीला दादा आला. येण्याआधी त्याने म्हणे सगळ्या बॅगा दोनदा उलट्या करून झटकल्या. विसरून एखादं काडतूस कप्प्यात राहिलं की आपल्या विमानतळावर सरळ आर्म्स ॲक्टची केस होते, आणि हे दर काही महिन्यांनी कुणा ना कुणाच्या बाबतीत घडतं. बॅगेत आला तो फक्त त्याचा कॅलिपर. भाऊबीज आटोपून मामा-भाचे एमआयडीसीत बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर गेले आणि संध्याकाळी पितळेचा एक बुश घेऊन आले. आत ७.६२ चं भोक, कडा काढलेल्या, बाहेरून आरशासारखा. विकतच्या कंपॅरेटरपेक्षा जड. आत्याने तो हातात घेऊन बघितला, नाकातल्या मोरणीशेजारी धरला आणि विचारलं, “एवढ्यासाठी वर्षभर फोन?”

“हो,” बाबा म्हणाले.

शनिवारचे कॉल चालूच आहेत. दादाची मुलगीही सुट्टीत मधे डोकावते. तिला नटाचा प्रयोग येतो. सध्याचा वाद तापमानाचा आहे. मोजमापाचं जगभरचं ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस, आणि दादाचं तळघर हिवाळ्यात पार गारठलेलं. दहा अंशांचा फरक पडला तर सात सेंटिमीटर पितळ एक शतांशाहून थोडं जास्त आखडतं, असा बाबांचा हिशेब. ते काडतुसाच्या कामाला क्षुल्लक आहे, असं दादाचं म्हणणं. बाबांनाही ते मान्य आहे, पण नोंद हवीच. म्हणून गेल्या आठवड्यात दादाने तळघरात थर्मामीटर लावला. तो निघाला फॅरनहाइटचा. बाबा सध्या लाइट बिलाच्या मागच्या बाजूवर वजा बत्तीस, गुणिले पाच, भागिले नऊ असा तक्ता करतायत, आणि आईला बिलाची शेवटची तारीख बघायचीय.